पगार कोणी ठरवावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून येथे छापावयास दिले आहे.)



खजिनदाराने वर्धापनदिनी उभे राहावे, जमाखर्च वाचावा आणि खाली बसावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. जमाखर्च मी मघाशीच वाचला, आणि तो जुळलाही आहे. तरी अध्यक्षाबाईंनी मला पुन्हा उभे केले. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येथे जे घडले त्यावर दोन शब्द बोला, असा त्यांचा आग्रह. मी वक्ता नव्हे. घरात बोलते तशीच बोलेन, ते गोड मानून घ्यावे.

ज्या त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगते. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले, आणि गप्पा निघाल्या त्या महागाईच्या. डाळीवरून विषय गॅसवर गेला, गॅसवरून घरपट्टीवर, आणि तेथून आमदारांच्या पगारावर. वर्तकनगरच्या बायका एकत्र जमल्या की विषय कोठून कोठे जाईल याचा नेम नाही! कोणीतरी म्हणाले, "त्यांचे पगार ते स्वतःच वाढवतात, आम्हांला कोणी विचारते का?" दुसरी म्हणाली, "मग आपणच विचारू या की!" झाले. स्वयंपाकघरातून झाकणाचा एक डबा आणला. एका वाटीत कडवे वाल, दुसऱ्या वाटीत हरभरे ठेवले. आमदारांचा पगार वाढावा असे वाटत असेल तिने मुठीत वाल घ्यावा, वाढू नये असे वाटत असेल तिने हरभरा घ्यावा, आणि मूठ डब्यात रिकामी करावी, असे ठरले. मोजणीचे काम अर्थातच खजिनदाराकडे आले.

डबा ताटात पालथा केला. हरभऱ्यांच्या राशीत वालाचे दाणे निघाले फक्त दोन! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझीही होती, कारण हरभरा टाकणाऱ्यांत मी पहिली होते.

माझा राग मला ठाऊक आहे, आणि तो कोठून आला तेही ठाऊक आहे. आम्ही या वसाहतीत राहावयास आलो तेव्हा येथे हाउसिंग बोर्डाच्या बैठ्या उंचीच्या इमारती होत्या, पोखरण रस्त्यावर कारखान्यांचे भोंगे होते, आणि त्या भोंग्यांवर आमची घड्याळे लागत. माझे यजमान अशाच एका कारखान्यात होते. तेथे पगारवाढ म्हणजे काय असे, ते मी जवळून पाहिले आहे. मागण्यांची यादी व्हावयाची, फाटकावर सभा व्हावयाच्या, वाटाघाटी वर्ष वर्ष चालावयाच्या. एकदा तर तीन महिने संप चालला. त्या तीन महिन्यांत मी पापड लाटले, दुसऱ्यांचे फॉल-बिडिंग केले, आणि पाटल्या मोडल्या. शेवटी जी वाढ मिळाली तिने वाण्याची उधारी फेडावयास दीड वर्ष लागले.

अशा घरात राहिलेल्या बाईने ऑगस्ट २०१६ मधली बातमी वाचली की तिला काय वाटेल, ते तुम्हीच सांगा. पावसाळी अधिवेशनाच्या अखेरीस आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक विधिमंडळात आले आणि चर्चेवाचून मंजूर झाले. महिन्याला सुमारे पंचाहत्तर हजार मिळत होते, ते सुमारे एक लाख सत्तर हजारांवर गेले. माजी आमदारांचे निवृत्तिवेतन चाळीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेले. एरवी ज्या सभागृहात एकमेकांचे तोंड पाहावयास पक्ष तयार नसतात, तेथे या प्रश्नावर कोणाचा आवाज चढला नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या सप्टेंबरात, राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या. त्यांचे मानधन तेव्हा महिना पाच हजार होते. जवळजवळ चार आठवडे संप चालला, तेव्हा कोठे ते साडेसहा हजार झाले. एकीकडे दीड हजारासाठी चार आठवडे, आणि दुसरीकडे लाखाच्या घरातली वाढ एका बैठकीत. हरभरा माझ्या मुठीत आपोआप आला तो असा.

आता कायदा काय आहे तेही सांगते. आपल्या राज्यघटनेच्या १९५ व्या कलमाप्रमाणे राज्याच्या विधिमंडळाच्या सदस्यांचे वेतन व भत्ते ते विधिमंडळच कायद्याने ठरवते. म्हणजे २०१६ साली जे झाले ते बेकायदेशीर नव्हते. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ मिळून ३६६ जण आपल्या ताटात किती वाढून घ्यावयाचे ते स्वतःच ठरवतात, आणि पळी त्यांच्याच हातात असते. पंगतीत वाढपी स्वतःच जेवावयास बसला तर तो पळी जरा खोल घालणारच! वाढपी वाईट असतो असे नव्हे. पण कोणीही पाहत नसेल तर कोणाचा हात आखडता राहील?

त्या दिवशी टाळ्या थांबल्या, आणि आपल्या बालवाडीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्या सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्या दोन वालांतला एक माझा आहे." आम्ही चकित झालो. कोणीतरी हसून म्हणाले, "बाई, तुमचा कोणी नातेवाईक आमदार आहे काय?" बाई म्हणाल्या, "नाही. पण उद्या मलाच निवडणुकीला उभे राहावेसे वाटले तर? माझी मुलगी उभी राहिली तर? आमदार झाल्यावर शाळा सोडावी लागणार, शिकवण्या सोडाव्या लागणार. पगार नको म्हणालात तर आमच्या घरची चूल कोण पेटवणार? मग ज्यांची चूल आधीच पेटलेली आहे तेच निवडून येणार."

मैत्रिणींनो, मी घरी गेले तरी हे वाक्य माझ्या मागे आले. संक्रांतीपासून आजपर्यंत वाचनालयातून पुस्तके आणून, आणि नातवाला हाताशी धरून, मी या विषयाचा पाठपुरावा केला. जे हाती लागले ते थोडक्यात सांगते.

बाई म्हणाल्या ते नवे नाही. इंग्लंडमध्ये १८३८ साली कामगारांनी एक सनद काढली होती. सर्व पुरुषांना मतदानाचा हक्क, गुप्त मतदान, आणि त्यांच्याच बरोबरीने एक मागणी अशी की पार्लमेंटच्या सभासदांना पगार द्या. पगाराची मागणी पुढाऱ्यांनी केली नव्हती, गिरणीतल्या आणि कारखान्यांतल्या माणसांनी केली होती! कारण पगार नव्हता तोवर जमीनदार आणि धनिकच तेथे बसू शकत. ती मागणी पुरी व्हावयास १९११ साल उजाडावे लागले. तेव्हा कोठे सभासदांना वर्षाला चारशे पौंड मिळू लागले.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये असा ठराव झाला होता की सरकारी नोकराचा पगार साधारणतः महिना पाचशे रुपयांहून अधिक असू नये. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, आणि मंत्र्यांचा पगार पाचशे ठरवणारे विधेयक विधानसभेपुढे मांडले गेले. ऐकावयास किती चांगले! परंतु त्याच सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बसले होते, आणि त्यांनी त्या विधेयकावर टीका केली. मंत्र्यांचा पगार ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात, असे त्यांनी मांडले. समाजातले राहणीमान, कामाला लागणारी पात्रता, लोकशाही, आणि कारभाराची शुद्धता. दलितांचा आणि मजुरांचा पुढारी पगाराच्या प्रश्नावर केवळ आकडा लहान की मोठा एवढेच पाहत नाही, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि जरा वेळ तशीच बसून राहिले. मी तर हरभरा टाकताना यांतल्या एकाही गोष्टीचा विचार केला नव्हता.

तुम्ही म्हणाल, सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एस.टी.ने प्रवास करीत राहिले. खरे आहे, आणि त्यांच्यापुढे आपण हात जोडावेत. पण नियम करावयाचा तो असामान्य माणसाकडे पाहून करता येत नाही. आपल्या मृणालताई गोरे आठवा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजकार्यात आल्या. १९५८ साली पती केशवराव गेले, पदरी लहान मुलगी होती. तरी १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, आणि १९७२ साली विधानसभेत. लोकांनी त्यांना "पाणीवाली बाई" म्हटले. पाण्याच्या हंड्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या नावाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पैसा मागे नसलेली अशी बाई सभागृहात जावी, असे आपल्याला वाटते ना? मग तिने खावे काय, याचाही विचार आपणच केला पाहिजे.

येथवर आले तेव्हा मनात आले, आपण हळदीकुंकवाला केले तसे खरोखरच मतदान घेतले तर काय होईल? ते पाहावयास दूर जावे लागते. अमेरिकेत ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तेथे एक समिती आमदारांच्या पगाराची शिफारस करते, आणि ती शिफारस मतपत्रिकेवर छापून सर्व मतदारांपुढे ठेवली जाते. १९९८ साली तेथल्या लोकांनी "होय" म्हटले, आणि पगार वर्षाला पंधरा हजार डॉलरवरून चोवीस हजार झाला. त्यानंतर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि लोक पुन्हा पुन्हा "नाही" म्हणाले. २०१४ साली पस्तीस हजारांची शिफारस होती, तीही लोकांनी मोठ्या फरकाने फेटाळली. म्हणजे आपल्या डब्यातल्यासारखेच, हरभरेच हरभरे! मग पुढे काय झाले? २०२१ साली तेथल्या विधिमंडळाने कायदा करून दूरच्या सदस्यांचे दैनिक भत्ते वाढवले. भत्त्याला जनतेचे मत लागत नव्हते. दार लावले की मांजर खिडकीतून येते, हे आपल्याला स्वयंपाकघरात नेहमीच पाहावयास मिळते.

त्याच देशात न्यू हॅम्पशायर हे दुसरे एक राज्य आहे. तेथे दोन वर्षांच्या मुदतीला दोनशे डॉलर, म्हणजे वर्षाला शंभर, असा पगार १८८९ साली ठरला, आणि तो राज्याच्या घटनेतच लिहून ठेवला. परिणाम असा की तेथल्या सभागृहात निवृत्त झालेली किंवा पोटाची सोय आधीच असलेली मंडळी फार. म्हणजे बाईंचे म्हणणे तेथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

तेव्हा जनतेचे मतदान वाईट काय? मी तसे म्हणणार नाही, आणि या सभागृहात तर मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांनी एका प्रश्नावर सरळ मत देण्याची पद्धत आहे, आणि तिचा आपल्याला अभिमान वाटावा. उभी बाटली आणि आडवी बाटली! २००८ च्या सरकारी आदेशाने गावातल्या स्त्रियांना हा हक्क मिळाला. पुरेशा स्त्रियांनी सह्यांचा अर्ज केला की मतदान व्हावयाचे, आणि यादीतल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचे दुकान बंद. जी घरी बसली तिचे मत उभ्या बाटलीला गेल्यासारखेच. म्हणून बायका शेतातली कामे टाकून, लेकरे कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

पण बाटलीचा प्रश्न आणि पगाराचा प्रश्न यांत एक फरक आहे. दुकान असावे की नसावे, याला "होय" किंवा "नाही" हे उत्तर पुरते. पगार किती असावा, याला "होय-नाही" पुरत नाही. तेथे हिशेब लागतो. काम किती, खर्च किती, दारात येणारी माणसे किती, भत्ते आणि सवलती धरून एकूण किती, हे सारे मांडावे लागते. रागाच्या भरात हिशेब होत नाही, हे मी खजिनदार म्हणून शपथेवर सांगेन.

मग करावे काय? मला सुचते ते तीन गोष्टींत सांगते.

पहिली गोष्ट, पळी दुसऱ्याच्या हाती द्यावी. इंग्लंडमध्ये सभासदांच्या खर्चाच्या बिलांवरून मोठा गदारोळ झाला, तेव्हा २००९ साली कायदा करून एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, आणि सभासदांचा पगार ठरवण्याचे काम पुढे त्याच्याकडे सोपवले. असे मंडळ आपल्याकडेही नेमता येईल. त्याने सर्वांचे ऐकावे आणि कारणे लिहून आकडा जाहीर करावा. घटनेप्रमाणे कायदा विधिमंडळच करील, पण त्या आकड्याहून अधिक घ्यावयाचे असेल तर उघड चर्चा करून, नावानिशी मत देऊन घ्यावे.

दुसरी गोष्ट, वाढ करावयाची ती पुढच्या निवडणुकीनंतर लागू व्हावी. हेच तर खरे जनतेचे मतदान! अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी दुरुस्ती आहे, आणि तिची गोष्ट मोठी गमतीची आहे. ती सुचवली गेली १७८९ साली, आणि नंतर अडगळीत पडून राहिली. १९८२ साली टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने तिच्यावर निबंध लिहिला. त्याच्या प्राध्यापिकेने त्याला "सी" श्रेणी दिली. पोरगा चिडला आणि त्याने राज्याराज्यांना पत्रे लिहावयास घेतली. १९९२ साली ती दुरुस्ती घटनेत आली, दोनशेहून अधिक वर्षांनी! पत्रे लिहून काय होते, असे आपल्यापैकी ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट, पगार, भत्ते, निवृत्तिवेतन, प्रवास, फोन, सारे एका कागदावर यावे. किराण्याच्या यादीत डाळ एका वहीत आणि तूप दुसऱ्या वहीत लिहिले, तर घराचा हिशेब कधी लागेल काय?

एवढे सांगून मी बसले असते तर भाषण बरे झाले असते. पण खजिनदाराने वही अर्धी दाखवू नये. म्हणून उरलेलेही सांगते.

त्या दिवशी बाई बोलून खाली बसल्या. तेव्हा मागच्या रांगेतून एका वहिनींनी सहज विचारले, "बाई, तुमचे मानधन शेवटचे कधी वाढले हो?" बाई म्हणाल्या, "पाच वर्षे झाली." वहिनींनी पुन्हा विचारले, "मग तुम्ही मागितले नाहीत?" बाई हसल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पाहिले असते तर मला बरे वाटले असते.

कारण त्यांनी मागितले होते. दोनदा मागितले होते, माझ्याकडेच. दोन्ही वेळा मी म्हटले होते, "पुढच्या वर्षी पाहू." कार्यकारिणीपुढे तो विषय मी नेलाही नव्हता. मंडळाचा पैसा वाचवला याचे मला समाधान वाटत होते. त्या पाच वर्षांत डाळ महागली, भाडे वाढले, रिक्षाचे मीटर वाढले, आणि आपल्या बालवाडीतली पोरे मात्र त्याच मानधनात "एक होता कावळा" ऐकत राहिली.

मैत्रिणींनो, आमदार आपला पगार स्वतःच ठरवतात म्हणून मी टाळी वाजवली, आणि बाईंचा पगार त्यांना न विचारता ठरवणारी मीच होते. तेथे घेणाऱ्याच्याच हाती सारा अधिकार, म्हणून पळी खोल गेली. येथे देणाऱ्याच्याच हाती सारा अधिकार, म्हणून पळी वरच्या वर फिरली. दोन्हीकडे चूक एकच, समोरच्याला कोणी विचारले नाही.

ही चूक आपल्या बालवाडीपुरती तरी सुधारली आहे, हे मला आज सांगावयाचे आहे. चैत्रातल्या सर्वसाधारण सभेत आपण ठराव केला की बाईंच्या मानधनाचा विषय दरवर्षी याच सभेत निघेल, त्या वेळी बाई स्वतः हजर राहतील आणि आपले म्हणणे मांडतील, आणि जो आकडा ठरेल तो कारणांसह इतिवृत्तात लिहिला जाईल. या वर्षी वाढही केली. मोठी नाही, आपल्या तिजोरीला झेपेल तेवढीच. पण आकडा सर्वांसमोर ठरला, आणि बाईंनी त्याला "बरे आहे" म्हटले. ठराव मांडला त्या वहिनींनी, आणि अनुमोदन मी दिले.

घरी गेल्यावर आणखी एक करा. आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा पगार कोणी ठरवला, कधी ठरवला, आणि तिला विचारून ठरवला काय, हे आठवून पाहा. मी आठवून पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी तिला चहा देऊन समोर बसवले.

आता आमदारांचे काय? तेही सोडावयाचे नाही. पुढच्या निवडणुकीत मते मागावयास जो जो उमेदवार आपल्या जिन्यात येईल, त्याला पाणी द्या, बसावयास सांगा, आणि एक प्रश्न विचारा, "तुमचा पगार कोणी ठरवावा असे तुम्हांला वाटते?" किती असावा हे नंतर. त्याच्या उत्तरावरून माणूस कळेल. आणि उभी राहणारी आपल्या बाईंसारखी कोणी असेल, तर तिला विचारण्याआधी तिच्या घरी कोण स्वयंपाक करील, याचीही चौकशी करा.

पुढच्या संक्रांतीला तो डबा आपण पुन्हा आणणार आहोत. वाल आणि हरभरे दोन्ही मी निवडून ठेवीन. या वेळी माझ्या मुठीत काय असेल ते आज सांगत नाही, कारण मतदान गुप्त असते. परंतु मूठ उघडण्यापूर्वी हिशेब मांडीन, एवढे वचन देते.